थांबणे आणि तुंबणे

रविवारी सकाळी मोरी तुंबली. घरात चार माणसे, खरकट्या भांड्यांचा ढीग आणि मोरीत घोट्याएवढे काळपट पाणी. सुनेने घाईघाईने नळ बंद केला. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "नळ किती वेळ बंद ठेवशील? पाण्याची जायची वाट मोकळी कर." मग जाळी काढून तार घातली, तेव्हा केसांचा आणि भाजीच्या देठांचा एक बोळा निघाला. मुठीएवढाही नव्हता. पाणी गडगडत निघून गेले.

अडण्याला मराठीत शब्द पुष्कळ. नाक चोंदते, घसा दाटतो, रस्त्यावर वाहनांची कोंडी होते, ठरलेल्या कामाला खीळ बसते. पण 'तुंबणे' या शब्दाची तऱ्हा निराळी. उन्हाळ्यात आटलेला ओढा तुंबला, असे कुणी म्हणत नाही. येणे चालू असते आणि जाण्याची वाट तेवढी बंद होते, तेव्हाच तुंबते.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत हेच झाले. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. समुद्राला भरती होती आणि मिठी नदीचे पात्र भरावाने, कचऱ्याने व बांधकामांनी आक्रसले होते. पाण्याला जायला जागा उरली नाही. कोयना धरणात याहून कितीतरी अधिक पाणी असते, पण तिथे ते 'साठते'. कारण सांडव्याला सहा दरवाजे आहेत आणि ते वेळेवर उघडले जातात.

शरीराचेही तसेच. उतारवयात पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी वाढून लघवी तुंबते, तेव्हा पाणी पिणे सोडून भागत नाही. मूत्रपिंडे आपले काम करीतच राहतात. डॉक्टर नळी घालून आधी वाट करून देतात. कचेरीत कामे तुंबतात, न्यायालयांत खटले तुंबतात, तेही याच कारणाने.

आणि मन? त्या घरातले सासरे जाऊन आठ महिने झाले होते. सासूबाई रडल्या नव्हत्या. भेटायला आलेल्यांना त्याच चहा विचारीत होत्या. त्यांना त्रास नको म्हणून मुलाने वडिलांचा चष्मा कपाटात ठेवून दिला. बाबांचा विषय निघाला की कुणीतरी तो बदलत असे. सगळ्यांनी मिळून नळ बंद केला होता. सासूबाई मात्र रात्र रात्र जाग्या असत.

त्या रविवारी रात्री भांडी आवरताना सून सहज बोलल्यासारखे म्हणाली, "आई, बाबांना आवडायची ती शेवग्याच्या शेंगांची आमटी तुम्ही कशी करायचात?"

सासूबाई सांगू लागल्या. चिंच किती, गूळ किती. मग एकदम थांबल्या. "त्या दिवशी तीच आमटी घेऊन निघाले होते गं. डबा भरता भरता उशीर झाला. पोचले तेव्हा हे गेलेले होते."

आठ महिन्यांत हे एवढेसे वाक्य त्यांनी कुणालाच सांगितले नव्हते. सुनेने भांडे खाली ठेवले, त्यांचा हात हातात घेतला. त्या रडू लागल्या, तेव्हा मुलगा धावत स्वयंपाकघरात आला. सुनेने त्याला खुणेनेच सांगितले, "राहू दे. रडू दे त्यांना."

दुसऱ्या दिवशी चष्मा कपाटातून निघून तसबिरीजवळ आला. तो सासूबाईंनीच पुसून ठेवला होता.