करंगळीवरचे वण

धान कापणाऱ्याचा डावा हात बघावा. उजव्या हातात विळा, डाव्या मुठीत धान. विळा सटकला की घाव बसतो डाव्या बोटांवर. मोहाडी तालुक्यातल्या आमच्या करडीत असे वण घरोघरी दिसतील. माझ्या करंगळीवर दोन आहेत.

पहिला शाळकरी वयातला. दिवाळीच्या सुट्टीत हौसेनं बांधीत उतरलो होतो. आईनं हळद दाबली, चिंधी बांधली. खपली कधी धरली नि कधी पडली, कळलंही नाही. आज तो वण शोधावा लागतो.

दुसरा संसारातला. कापलेल्या कडपा बांधीत पडलेल्या असताना अवकाळी पाऊस आला, लोंब्यांना कोंब फुटले. सोसायटीचं कर्ज डोक्यावर, रात्री डोळ्याला डोळा नाही. उरलेलं धान कापताना विळा लागला. घाव तेवढाच, पण कडा जुळेनात. खपली धरे आणि पुन्हा ओलावे. रक्तातली साखर तपासली, ती ठीक निघाली. हा वण जाड आहे, अंगठा फिरवला की अजून हाताला लागतो.

वय वाढलं होतं, हे खरं. पण घोरही होता. १९९५ सालच्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात जॅनिस किकोल्ट-ग्लेझर आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या नातलगाची सेवा करणाऱ्या बायकांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची जखम केली. तशाच वयाच्या इतर बायकांपेक्षा ती भरायला सरासरी ९ दिवस जास्त लागले. १९९८ सालच्या त्यांच्याच दुसऱ्या अभ्यासात दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या टाळूवरची जखम परीक्षेच्या तोंडावर सुट्टीतल्यापेक्षा ३ दिवस उशिरा भरली. ही तर तरुण, धडधाकट मुलं.

जखम भरण्याची सुरुवात सुजेनं होते. पांढऱ्या पेशी तिथं धावून येतात, घाण साफ करतात, मगच नवी कातडी धरते. काळजी लांबली की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल जास्त सोडत राहतात आणि पेशींना बोलावणारे निरोपच मंदावतात. त्यात झोप मोडते, जेवण जात नाही.

पुढं बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, तेव्हा भेटायला आलेला प्रत्येक जण विचारायचा, ‘यंदा धान किती झालं? सोसायटीचं भरलं का?’ बाबा पडल्या पडल्या हिशेब सांगत आणि रात्रभर कूस बदलत. शेवटी मी पाहुण्यांना ओसरीवरच चहा पाजू लागलो.

औषध, मलमपट्टी हवीच. जखम भरत नसेल तर रक्तातली साखरही आधी तपासावी. पण टाके ओले असलेल्या माणसाच्या खाटेपाशी कर्जाचा विषय काढू नका. तो टाके सुटल्यावर काढता येतो.