ऐनाखालचं देणं

आंधळगावात कोष्ट्याच्या घरी वाढलेल्या पोराला कोसा कुठून येतो हा प्रश्न पडत नाही. तो पोत्यातून येतो. आई कोसले सोड्याच्या पाण्यात उकळायची, मांडीवर धागा वळायची. वडील मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचे, आणि करवती काठाची साडी हळूहळू उतरायची. अंगाला कोसा, काठाला सूत, दोन्हींच्या सांध्यावर करवतीचे दाते. हे साधणारे हात आमचे, तेव्हा सगळं कसब आमचंच, असं मी धरून चाललो होतो. पोतं आणून देणाऱ्या ढिवर समाजातल्या मामाजींना मी कधी नीट पाहिलंही नव्हतं.

मॅट्रिकला नापास झालो आणि मागावर बसायला नको म्हणालो. वडील चिडले नाहीत. पावसाळा लागला होता. "मामाजींच्या हाताखाली माणूस पाहिजे," एवढंच बोलून त्यांनी मला आंबागडच्या डोंगराकडे धाडलं.

कोसा म्हणजे टसर, आणि टसरची अळी घरात वाढत नाही. तुतीच्या रेशमाच्या अळीसारखा तिला सुपात पाला घालता येत नाही. ती ऐनाच्या नाहीतर अर्जुनाच्या झाडावर उघड्यावर राहते, चार वेळा कात टाकते आणि महिना-दीड महिन्यात बोटभर लांब, हिरवीगार होते. मग फांदीला देठ बांधून कोसला करते. तोवर ती सगळ्यांचं खाणं असते. मुंग्यांसाठी खोडाभोवती राख टाकायची, गांधीलमाश्यांवर डोळा ठेवायचा. कावळे, साळुंक्या आणि कोतवाल यांच्यासाठी मात्र मामाजींकडे गलोल होती.

गलोल म्हणजे पोरांची रबरी बेचकी नव्हे. ते खरं धनुष्यच, फक्त बाणाचं नाही, गोळीचं. त्याला दोर दोन. दोन्ही टोकांजवळ बारीक काड्या घालून ते एकमेकांपासून दूर ठेवलेले, आणि मधोमध विणलेली लहानशी झोळी. त्या झोळीत मातीची गोळी. तलावाची चिकणमाती वळून, उन्हात वाळवून आणि चुलीच्या राखेत भाजून मामाजी गोळ्यांची पिशवी भरून ठेवत. किडे झाडावर असेपर्यंत ते घरी झोपायला जात नसत, दाढीही करत नसत. पहाटे पाखरं उठायच्या आधी त्यांची झाडाखाली फेरी सुरू.

मी पहिल्यांदा गलोल ओढली तेव्हा गोळी माझ्याच डाव्या अंगठ्यावर बसली. मामाजी हसले नाहीत. गोळी सुटताना डावं मनगट किंचित फिरवायचं, म्हणजे दांडा वाटेतून सरकतो, हे त्यांनी माझा हात धरून दाखवलं. पुढे कधीतरी एका कोतवालाला नेमकी गोळी लागली आणि मी शाबासकीची वाट बघत उभा राहिलो. ते म्हणाले, "मारासाठी नाही बाबू, उडवासाठी आहे." त्यांची गोळी फांदीवर टक्कन वाजे आणि पाखरू उडून जाई. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा झाल्यापासून रानात धनुष्य घेऊन हिंडणारा माणूस संशयाचाच. मामाजींना मात्र शिकारीत कधी रस नव्हता. त्यांना अळ्या वाचवायच्या होत्या.

गलोल करायला त्यांनी मला नंतर शिकवलं, हिवाळ्यात. भरीव बांबू निवडायचा, फार कोवळा नको. तो फोडून सावलीत वाळू द्यायचा, उन्हात कधीच नाही. वरची हिरवी साल बाहेरच्या बाजूला ठेवायची आणि तिला विळा लावायचा नाही, कारण सगळा ताण तीच सोसते. तासायचं ते आतून, पेरं सांभाळून. थोडं तासलं की दोर लावून वाकवून बघायचं. एक बाजू जास्त वाकली तर माझा हात आपोआप तिच्याकडे जाई. मामाजी तो अडवत. वाकते ती बाजू आधीच बारीक झालेली, हात लावायचा तो न वाकणाऱ्या बाजूला. हे माझ्या डोक्यात शिरेपर्यंत बऱ्याच कामट्या चुलीत गेल्या आणि त्यांवर भात शिजला.

मूठ बांधायला ते फुटका कोसला घेत. पतंग बाहेर पडलेल्या अशा कोसल्याचा सलग धागा निघत नाही, आमच्या घरी तो टाकाऊतच जमा. मामाजी तो भिजवून वर्तुळात कापत जात. एका कोसल्याची लांब, चिवट पट्टी निघे आणि ती मुठीवर अशी आवळून बसे की सुटायचं नाव नाही. झोळी विणायला त्यांनी माझ्याकडेच आईचा तुटका धागा मागितला. आमच्या घरची एवढीच वस्तू त्या गलोलीला लागली.

त्यानंतर मी मागावर बसलो, आपणहून. ताणा एका अंगाला सैल पडला की पूर्वी मी तीच बाजू ओढत बसे. आता आधी दुसरी बघतो. वडिलांना वाटलं, पोरगा रानात शहाणा झाला. तो कोणी केला हे मी त्यांना सांगितलं, मामाजींना सांगायचं मात्र संकोचाने राहून गेलं. कोसल्यांच्या भावात घासाघीस करणं तेवढं मी सोडलं. ते त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण पोत्यात फुटके कोसले वेगळे बांधून येऊ लागले.

आता पुष्कळ ठिकाणी झाडांवर नायलॉनची जाळी टाकतात. मामाजींच्या नातवालाही जाळीच बरी वाटते, आणि पहाटेपासून पावसात उभं राहण्यापेक्षा ती बरीच आहे. तरी पावसाळ्याच्या तोंडावर मी एक गलोल करून त्याच्याकडे पोचवतो. तो ती वापरतो की नाही, हे मी विचारत नाही.

नागपूरच्या प्रदर्शनात गिऱ्हाईक साडी हातात घेऊन हमखास विचारतं, "एक साडी करायला किती दिवस लागतात हो?" मी अंड्यांपासून सुरुवात करतो. ऐनावर अळ्या चढतात, कावळे येतात, आणि गोळी कशी भाजतात इथपर्यंत पोचेतो बाई पुढच्या दुकानात गेलेल्या असतात. बायको म्हणते, नुसते मागावरचे दिवस सांगा, साड्या खपतील. तिचं खरं आहे. पण पुढचं गिऱ्हाईक आलं की मी पुन्हा अंड्यांपासूनच सुरू करतो.