पाच लाखांचं कार्ड आणि अडीच टक्के

सरकार जीडीपीच्या किती टक्के आरोग्यावर खर्च करतं, या चर्चेचा मला पूर्वी मनस्वी कंटाळा होता. 2004 मध्ये यूपीए सरकारने किमान समान कार्यक्रमात दोन ते तीन टक्क्यांचं वचन दिलं आणि मोडलं. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात मोदी सरकारने 2025 पर्यंत अडीच टक्के गाठू म्हटलं. 2025 उलटलं, अडीच काही झाले नाहीत. मी म्हणायचो, टक्के काय चाटायचेत? गरिबाच्या हातात काहीतरी पडू दे.

आणि पडत होतंच की! आधी महाराष्ट्रात मोफत उपचारांची राजीव गांधी जीवनदायी योजना, मग तिचंच नाव बदलून महात्मा फुले जनआरोग्य, 2018 पासून केंद्राची आयुष्मान भारत. पक्ष बदलले, कार्ड वाढत गेलं. आमच्या ओळखीच्या एका हमालाची अँजिओप्लास्टी खासगी रुग्णालयात एक रुपया न भरता झाली. रुग्णालयात योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलावर त्याचं रेशनकार्ड मीच नेऊन दिलं होतं. आधी सरकारी रुग्णालयांवर खर्च करा म्हणत योजनेला नावं ठेवणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्यांशी मी तावातावाने भांडलो आहे.

आता भांडत नाही. त्यांचं म्हणणं मला पटलं आहे.

जून 2023 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पाच लाखांचं संरक्षण सगळ्यांना देण्याचा निर्णय घेतला. मला आनंद झाला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 24 तासांत 24 जण दगावले, त्यांत 12 नवजात बाळं. मग औषधं होती की नव्हती, माणसं पुरेशी होती की नव्हती, यावर नेहमीप्रमाणे आरोप-प्रत्यारोप झाले. ते वाचताना माझ्या मनात आलं, की त्या बाळंतिणींच्या पिशवीत पाच लाखांचं कार्ड असतं तरी त्या रात्री त्याचं काय करायचं होतं?

रात्रपाळीची नर्स, भूलतज्ज्ञ, औषधाचं वेळेवर निघालेलं टेंडर हे सगळं त्या कंटाळवाण्या टक्क्यांतून येतं. कार्डावर नेत्याचा फोटो छापता येतो. भरलेल्या पदावर कोण छापणार? म्हणून कार्डाचं वचन पाळलं जातं आणि टक्क्यांचं बिनबोभाट मोडलं जातं. मला तर आता पहिलं वचन दुसऱ्याचा विसर पाडायलाच दिलं जातं असं वाटतं. शिवाय योजनेच्या पैशाचा मोठा वाटा खासगी रुग्णालयांकडे जातो, तो वेगळाच.

केंद्राच्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चातला लोकांच्या खिशातून जाणारा वाटा 2014-15 मध्ये 62.6 टक्के होता, तो 2021-22 मध्ये 39.4 वर आला. हे थोडं नाही, मी ते नाकारत नाही. पण कोविडच्या त्या वर्षीसुद्धा सरकारी खर्च जीडीपीच्या 1.84 टक्केच होता. आणि कार्ड चालतं ते दाखल झाल्यावर. बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्यांना ते उपयोगी नाही. सरकारी दवाखान्यात त्या संपल्या की बाहेरची चिठ्ठी मिळते. माझ्या त्या हमालालाही मिळते.

कार्ड बंद करा असं मी म्हणणार नाही. त्याच्यावर एक माणूस जगला आहे. पण पुढच्या निवडणुकीत कोणी दारात येऊन पाच लाखांचे दहा लाख करतो म्हणाला, तर त्याला आधी एवढंच विचारा: आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मंजूर पदं किती आणि त्यांतली आज भरलेली किती?