बायजूजचं काय काय गेलं

भारतीय क्रिकेट संघाच्या निळ्या जर्सीवरची बायजूज या शैक्षणिक अ‍ॅपच्या कंपनीची अक्षरं. सप्टेंबर २०१९मध्ये आली, मार्च २०२३मध्ये गेली. शाहरुख खानच्या जाहिराती. कतारच्या विश्वचषकातल्या पाट्या. मेस्सीशी नोव्हेंबर २०२२मध्ये झालेला करार; त्याआधीच्याच महिन्यात अडीच हजार कर्मचारी कमी करायचं जाहीर झालं होतं.

वुल्फ गुप्ता. मुलांना कोडिंग शिकवणाऱ्या मुंबईच्या व्हाइटहॅट ज्युनिअरच्या जाहिरातींतला मुलगा. कोडिंग शिकला आणि गूगलने त्याला कोटीच्या घरातला पगार दिला. जाहिरात बदलली की त्याचं वय बदलायचं, पगारही बदलायचा. असा मुलगा कुठेच नव्हता. तरी सहा-सात वर्षांचं आपलं लेकरू मागे पडतंय ही धास्ती त्याने घरोघरी पेरली. बायजूजने २०२०मध्ये ही कंपनी ३० कोटी डॉलरना घेतली.

घरी येणारा विक्रेता. वडील कामावरून परतले की यायचा. टीपॉयवर टॅब उभा करायचा, मुलीला तिच्या इयत्तेच्या वरचं गणित घालायचा. ती अडली की आईकडे बघायचा. मग तिच्या भवितव्याच्या गोष्टी आणि शेवटी सहीचा कागद. ती सही कर्जावर होती हे कित्येकांना हप्ता कापला गेल्यावर कळलं. टार्गेटचा दट्ट्या त्या तरुण पोरांच्याही मागे होताच. डिसेंबर २०२२मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने कंपनीला समन्स काढलं, त्यानंतर या घरभेटी थांबल्या. थांबल्या ते फार बरं झालं. मुलांसमोर आईबापांना इतकं ओशाळं करून कुणी शिक्षण विकू नये.

२,२०० कोटी डॉलरचं मूल्यांकन, २०२२चं. जून २०२३मध्ये डेलॉइटने लेखापरीक्षण सोडलं, संचालक मंडळातून तिघे बाहेर पडले. जुलै २०२४मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली, तीही बीसीसीआयच्या अर्जावर, त्याच जर्सीपोटी थकलेल्या १५८ कोटी रुपयांसाठी.

आणि धडे. कंपनीचा संस्थापक बायजू रवींद्रन हा केरळातल्या अळीकोडचा, शिक्षक आई-वडिलांचा मुलगा. एमबीए प्रवेशाच्या कॅट परीक्षेचं गणित असं शिकवायचा की हॉल अपुरे पडून वर्ग स्टेडियममध्ये भरवावे लागले. ती विद्या खरी होती. अ‍ॅपमधले बरेच धडेही चांगले होते: शिक्षक बोलता बोलता हात फिरवायचा आणि त्याच्या शेजारी शंकू, वर्तुळ, ग्रहांच्या कक्षा उभ्या राहायच्या. फळ्यावर कितीही रंगीत खडू वापरले तरी हे जमत नाही. मे २०२५मध्ये ते अ‍ॅप प्ले स्टोअरवरून उतरलं. सर्व्हरचे पैसे थकल्याच्या बातम्या होत्या.

दिवाळखोरीत कंपनीचं जे काही विकायला निघेल, त्यातले हे धडे सरकारने आधी मागून घ्यावेत. दीक्षासारखं सरकारी व्यासपीठ आहे, जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत लोकवर्गणीतून घेतलेले टीव्ही भिंतीवर आहेत. तिथे ते फुकट दाखवता येतील, आणि त्यासाठी कुणाच्या आईला कुठल्या कागदावर सही करावी लागणार नाही.