कोथरूडची इवलीशी नगरी

पुण्याच्या कर्वे रस्त्याने कोथरूडकडे निघालात, की संगम प्रेसजवळ एका छपराखाली मावणारी नगरी आहे. भाऊ जोशी यांच्या छंदातून उभे राहिलेले हे छोट्या रेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी खुले झाले. खेळ सुरू झाला, की सगळ्यांच्या नजरा आगगाड्यांमागे धावतात, आणि तिथेच फसगत होते! सर्कशीचा तंबू, पोहण्याचा तलाव, मोटारीत बसूनच सिनेमा पाहायचे मैदान, ही सारी गंमत शोधावी लागते. पोरांना ती आधी सापडते. थोर मंडळी इंजिनांच्या जाती सांगण्यात गुंग! भाऊ आता नाहीत. माझे म्हणाल, तर पहिला खेळ गाड्यांना द्यावा आणि दुसऱ्याला त्यांच्याकडे ढुंकूनही न पाहता नुसते गाव हिंडावे.