मुद्दल राखून

वडील गेल्यावर खांदा कॉलनीतील इमारतीखाली त्यांची मोटार तशीच उभी होती. रोज कोरड्या फडक्याने पुसल्यामुळे रंगावर बारीक, गोलाकार ओरखडे उमटले होते. ते घालवण्याच्या घाईत मी मशीनला लोकरी पॅड लावले, जाड कंपाउंड घेतले आणि बॉनेटच्या कडेचा रंग उडवून बसलो. वरचा पारदर्शक थर साधारण ४०-५० मायक्रॉनचाच. कडांवर त्याहून पातळ. घासलेला थर परत येत नाही.

मग शिकलो : आधी मऊ फोमचे पॅड व बारीक पॉलिश, हातभर जागेवर परीक्षा, भागले नाही तरच एक पायरी वर. खोल ओरखडे तसेच राहू दिले. "नफ्यासाठी मुद्दल खाऊ नये," असे वडील पेढीवर म्हणत. बॉनेटच्या कडेचा डाग आता तेच सांगतो.