देवाची काटकी

तुम्ही देवराई पाहिली आहे का? कोकणात आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर अनेक गावांत देवासाठी राखलेलं रान असतं. कुठे वाघजाईचं, कुठे काळकाईचं, कुठे भैरोबाचं. जुना नियम असा, की तिथली वाळकी काटकीही घरी न्यायची नाही. लाकडाची फारच गरज पडली, तर आधी देवाचा कौल घ्यायचा.

मी डोंगराकाठच्या गावात शिकवते. दरवर्षी चौथीच्या मुलांना देवराईत नेते आणि सांगते, "पाचोळ्यात हात घाला." वर कोरडी पानं, खाली कुजलेली, त्याखाली काळी, ओलसर माती! शेजारच्या बोडक्या टेकडीवर नुसता मुरूम. डोंगर तोच, पाऊसही तोच. मग फरक कशाने पडला? त्या काटकीने! न उचललेली काटकी कुजते, तिचं खत होतं. पाचोळ्यात पाणी थांबतं, जमिनीत मुरतं. म्हणूनच पुष्कळ देवरायांजवळ झरा किंवा तळं असतं. अशा जागी गारंबीचा अजस्र वेल वाढतो. त्याची शेंग तुमच्या कमरेपर्यंत येईल एवढी लांब!

पण सगळ्या देवराया सारख्या नसतात हं. मावळात आजिवलीच्या देवराईत भेरली माड खूप. पूर्वेकडे, पाऊस कमी होतो तिथे, देवाचं रान लहान आणि पानं गाळणाऱ्या झाडांचं. म्हणजे रान राखलं नियमाने, पण त्यात काय उगवणार हे ठरवलं पावसाने आणि मातीने. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला.

आता काळजीची गोष्ट. कित्येक गावांत देवराईत सिमेंटची मोठी देवळं उभी राहतात. सभामंडपासाठी झाडं पडतात, 'स्वच्छता' म्हणून पाचोळा जाळतात. आमच्याही गावात तसा बेत चालला आहे. पालकसभेत एक आजोबा म्हणाले, "बाई, देवानं काय उन्हापावसात बसायचं?" त्यांचं म्हणणं खोटं नाही. मी म्हटलं, "आजोबा, छोटं छप्पर करू या. मंडप राईबाहेर बांधू. देवाची सावली मात्र तोडायला नको." पुढच्या ग्रामसभेत निर्णय होईल. भक्ती दोन्हीकडे आहे. ती झाडांच्या बाजूने राहावी, एवढंच वाटतं.

तुमच्या आजोळी देवराई असेल तर आजी-आजोबांना विचारा: देव कोणता, नियम कोणते, झाडं कोणती? सगळं वहीत लिहा. आणि परतताना हात रिकामे ठेवा बरं का!